गव्हाणीतली पन्हळ

समताचा वरचा एक दात अर्धा आहे. हसली की तो तुकडा दिसतो, आणि ती तोंडावर हात घेत नाही. होस्टेलच्या पोरी म्हणतात, कॅप बसवून घे, उद्या इंटरव्ह्यूला बसशील. ती म्हणते, "बसन. अर्ध्या दातासकट बसन." हा दात कसा तुटला ते सांगायचं तर तिच्या आईच्या हातापासून सुरुवात करावी लागते, कारण आधी तुटला तो हात.

बीबी या बाजारगावाच्या अलीकडं रस्त्याला लागून त्यांचं गाव. गावाच्या कडेला निळ्या झेंड्याखालची घरं, त्यात सोजराबाईचं एक. नवरा दम्यानं गेलेला, थोरला संघर्ष जालन्याला सळईच्या कारखान्यात, समता तेव्हा बारावीला. दिवाळीच्या आधी सोयाबीनच्या गंज्या लागल्या की गावातला मोठा शेतकरी उकंडराव आपला हडंबा घेऊन वावरावावरात फिरायचा. हडंबा म्हणजे ट्रॅक्टरवर चालणारं मळणीयंत्र. आत लोखंडी दात्यांचा ढोल गरगर फिरतो, तोंडातून सोयाबीनचं कवळ, कवेत मावेल एवढं, कोंबायचं, एका बाजूनं दाणे पडतात, दुसरीकडून भुशाचं कुटार उडतं. त्या तोंडावर उभं राहायची ताकद एकट्या सोजराबाईत होती. वाळल्या शेंगा हात ओरबाडतात म्हणून इकडच्या बाया लुगड्यावर नवऱ्याचं जुनं शर्ट घालतात, बाह्या पंजापर्यंत सोडून. "मेला तरी कामाले येते माह्या संगं," असं सोजराबाई त्या शर्टाबद्दल म्हणायची आणि बाया खदखदा हसायच्या.

एक दिवस, उकंडरावच्याच वावरात, ढोलानं तेच शर्ट धरलं. आधी बाहीचं टोक, मग पंजा, मग कोपर. ती किंचाळली, पण ट्रॅक्टरवर उकंडरावचा पोरगा हरिओम कानात गाणी घालून बसलेला. ओली शेंग आत गेली की हडंबा घुरघुरतो. तसा तो घुरघुरला तेव्हा कुठं त्यानं मागं वळून पाहिलं. ट्रॅक्टर बंद केला तरी ढोल आपल्याच वजनानं फिरत राहिला आणि घ्यायचा तेवढा हात घेऊन मगच थांबला. कुटारावर लाल चिखल उडाला होता. दाण्यांत, नवरा गेल्यावरही तिनं न उतरवलेल्या हिरव्या बांगड्यांच्या काचा पडल्या होत्या. सोजराबाईला मोटरसायकलवर दोघांच्या मधात बसवून नेलं, आणि इकडं उकंडरावनं बाकीच्या बायांना काचा चाळून काढायला लावलं. उरलेली गंजी त्याच दिवशी संपवली. आभाळ आलं होतं म्हणे!

दवाखान्यात उकंडराव नारळ आणि पातळ घेऊन आला. "सोजराबाई, बाही ढिली ठेवाची नाई ना व," म्हणाला. गावानं तेच उचललं. बाही ढिली होती, झालं. खुद्द सोजराबाईलाही ते पटलं. चूक आपली म्हटलं की माणसाला झोप तरी लागते. समतानं मात्र ते पातळ उचलून खिडकीबाहेर फेकलं. नारळ ठेवून घेतला. "हा ठेवतो," म्हणाली, "कोनाच्या तरी डोक्यात घालाच्या कामी येईन."

बारावीनंतर मैत्रिणी नर्सिंगला गेल्या. समतानं कृषी अभियांत्रिकी घेतलं. काऊन, असं मावशीनं विचारलं तर म्हणाली, "मले त्या मशीनच्या पोटात पाहाचं हाये."

पुण्याच्या कॉलेजात तिचं नाव पहिल्यांदा झालं ते मारामारीमुळं. मेसमध्ये ऋत्विक नावाचा एक पोरगा तिच्या बोलण्याची नक्कल करत होता, "मले भूक लागून राह्यली," असं नाकातून. तिनं वरणाचं पातेलं उचललं आणि त्याच्या डोक्यावर उपडं केलं. "घे, भागली का?" त्यानंतर नक्कल बंद झाली. अभ्यास ती तशीच करायची, दात-ओठ खाऊन. मातीची तपासणी, पाण्याचे पंप, ठिबकचं गणित, सगळं पाठीवर घेतलं. पण शेतीयंत्रांच्या तासाला ती पहिल्या बाकावर बसायची.

त्या तासाला सरांनी मळणीयंत्राची आकृती काढली. पीक आत सरकवायला तोंडाशी पत्र्याची लांब पन्हळ असते. मोठ्या माणसाच्या अख्ख्या हातापेक्षा लांब, आणि ढोलाकडच्या बाजूनं वरून झाकलेली. "म्हणजे हात कितीही आत गेला तरी ढोलापर्यंत पोचत नाही," सर म्हणाले आणि पुढच्या आकृतीकडं वळले.

समता उभी राहिली. "सर, आमच्याकडं एकाही हडंब्याले असं काही नसते."

"असणारच. त्याशिवाय यंत्र विकता येत नाही."

"मंग माह्या मायचा हात कसा गेला?"

वर्गात कोणी हसलं नाही. सरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "गावातल्या यंत्रांची पाहणी करायचं काम या सत्रात आहेच. तू तुझ्याच भागातली कर."

असं ऐन सोयाबीनच्या हंगामात ती मोजायची टेप आणि पाहणीचा कागद घेऊन गावी आली. जिथं गेली तिथं हडंब्याचं तोंड बोडकं. शेवटी पोचली उकंडरावच्या गोठ्यापाशी. हडंबा बाहेर उभा होता, तोच. आत म्हशी खात होत्या. त्यांच्या पुढ्यात पत्र्याची लांब गव्हाण, अंगाला हडंब्याचाच तांबडा रंग, एका टोकाला गॅसकटरनं कापलेली काळी दातेरी कड, आणि वरचं झाकण उलटं वाकवून त्यात सरकीची ढेप भिजत घातलेली.

"हरिओम, हे काय हाये बे?"

हरिओम तिच्याच शाळेतला. बिनदिक्कत म्हणाला, "पन्हळ. नवा आणला तवाच कापली. लांब पन्हळीत माल फसते ना, बाया ढकलतच बसते. कापली का सरळ कोंबता येते, गंजी फटाफट निघते. समदेच कापते."

तिला म्हशींनी जिभेनं पत्रा चाटल्याचा आवाज ऐकू येत होता. हातातल्या टेपची पट्टी तिनं इतकी आवळली की तळव्यात चिरा पडल्या. ती तशीच घरी आली.

घरी वेगळाच कार्यक्रम चालला होता. संघर्षची बायको पूनम नवऱ्याचं शर्ट घालून ओसरीवर बसली होती आणि सोजराबाई एका हातानं आणि दातानं तिच्या मनगटाशी बाहीला सुतळी आवळत होती.

"काय चाल्लं हे?"

"उद्या उकंडरावची स्वतःची गंजी हाये," सोजराबाई म्हणाली. "पूनम तोंडावर उभी राह्यते. बाही बांधली का काही होत नाई."

"आई, ते बाहीनं नाई झालं!" समता ओरडली, आणि तिनं पाहिलं ते सगळं सांगितलं. सोजराबाईच्या तोंडातून सुतळी सुटली. तिनं एवढंच विचारलं, "म्हशी खाते त्याच्यात?"

"हाव."

मग समता पूनमकडं वळली. "वहिनी, तू नाई जायची उद्या."

"मी नाई गेली तं कोनी दुसरी जाईन," पूनम म्हणाली. "तोंड रिकामं थोडंच राह्यते?"

ते खरं होतं. म्हणून समतानं पूनमला अडवलं नाही. सकाळी उठून ती बीबीला खाटकाकडं गेली आणि बोकडाचा एक अख्खा पाय घेऊन आली. पेटीतून बापाचं ते शर्ट काढलं. उजवी बाही ढोलानं नेलेली, डावी शाबूत. त्या डाव्या बाहीत तिनं तो पाय घातला, शर्ट काखेत मारलं आणि वावराकडं निघाली. मागून सोजराबाई, पदर खोचून.

वावरात हडंबा सुरू होता. बाया गंजीभोवती उभ्या, पूनम पुढचं कवळ उचलायच्या बेतात. समता सरळ तोंडापाशी जाऊन आडवी उभी राहिली.

"उकंडकाका, गोठ्यातली पन्हळ आणा. लावा. मंगच वहिनी उभी राहीन."

उकंडराव ताडपत्रीवरून उठला. गळ्यात माळ, पांढरं शुभ्र शर्ट. "मशीन माही, वावर माहं. तू तुहा कागद घे आन पुण्याले जाऊन शिकव. बाजूले हो!"

"पाहून तं घ्या मंग."

तिनं ती भरलेली बाही हडंब्याच्या तोंडात घातली. कुणाला काही दिसायच्या आत ढोलानं ती ओढली. शर्ट फाटल्याचा आवाज आला आणि मग हाड फुटल्याचा. तो आवाज त्या बायांनी आधी एकदा ऐकलेला होता. एक मटकन खालीच बसली. पूनमच्या तोंडावर रक्ताचे थेंब उडाले. मांसाचे लचके आणि हाडाच्या चिंधड्या ताडपत्रीवरच्या पिवळ्या दाण्यांत येऊन पडल्या.

"मटण!" उकंडराव किंचाळला. "माळकऱ्याच्या खळ्यात मटण टाकलं इनं! बाटवला माल माहा!"

"बाटला?" समताचा आवाज हडंब्याच्या वर चढला. "माह्या मायचा हात पडला होता याच खळ्यात, तवा नाई बाटला? तवा काचा चाळून इकला ना तुमी? चाळा आता! चाळा ना!"

हरिओमनं ट्रॅक्टरवरून उडी मारली ती लोखंडी टॉमी घेऊनच. पहिला फटका तिनं चुकवला, दुसरा ओठावर बसला. दाताचा तुकडा जिभेवर आला. तिनं तो रक्तासकट त्याच्या तोंडावर थुंकला, ट्रॅक्टरच्या पेटीतला मोठा पाना उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. टॉमी खाली पडली. तो गुडघ्यावर आला. उकंडरावनं मागून तिची वेणी धरून मान मागं ओढली तशा बाया विळे घेऊन पुढं झाल्या. "सोडा तिले, मालक. सोडा म्हनतो ना!" त्यानं वेणी सोडली.

समताचं तिकडं लक्षच नव्हतं. तिनं हरिओमच्या डोक्यावर पाना उगारलेला होता. तो खाली आला असता तर ही गोष्ट तुरुंगात संपली असती. सोजराबाईनं आपला थोटा हात तिच्या छातीवर आडवा दाबला.

"बस."

"यानंच कानात गाणी..."

"बस म्हनलं ना मी! एक हात गेला तेवढा पुरे हाये या वावरात."

पाना खाली आला, हळू. बाया गंजीला टेकून बसल्या. कोणी कवळ उचलेना. हडंबा रिकामाच धडधडत राहिला, आणि लोणारकडून आभाळ काळं होत आलं.

"उठा!" उकंडराव ओरडला. कोणी उठलं नाही. "नका उठू! तुमच्या जिवावर नाई झाली माही शेती. मी घालतो!"

त्यानं कवळ उचललं आणि तोंडापाशी गेला. ढोलाच्या दात्यांवर शर्टाच्या चिंध्या अजून फिरत होत्या. त्याचा हात पुढं झाला आणि थांबला. पुन्हा पुढं झाला, पुन्हा थांबला. त्याच्या पांढऱ्या बाहीचं टोक वाऱ्यानं हलत होतं, तिकडंच तो पाहत राहिला.

"जवळ जा ना मालक!" मागून एक बाई बोलली. "बाही तेवढी ढिली ठेवू नका!"

बाया हसल्या. वाईट हसू होतं ते. उकंडरावनं लांबूनच कवळ भिरकावलं. ते तोंडाला लागून त्याच्याच पायावर पडलं. त्याची मान खाली गेली. तो पूनमकडं वळला.

"पूनम... गोठ्यातून ते आना, बाई."

हरिओम कण्हत वावराच्या धुऱ्यावर बसला होता, त्याच्याकडून काही उचलणं होणार नव्हतं. उकंडरावनं ट्रॅक्टर बंद केला. पूनम आणि दोघी-तिघी गेल्या. म्हशींच्या पुढची ढेप जमिनीवर ओतली आणि पन्हळ डोक्यावर घेऊन आल्या. बीबीहून वेल्डर आला, तोच, ज्यानं पन्हळ कापली होती. समता ओठाला फडकं लावून त्याच्या डोक्यावर उभी होती. "तिरपं नको. झाकण सरळ कर. हाव, तसं." ठिणग्या उडत होत्या आणि उकंडराव पाठ फिरवून आभाळाकडं पाहत होता. पोलीस केस करतो, असं तो मधेच म्हणाला. "करा," समता म्हणाली, "पहिल्या हातापासून लिहा म्हना त्याहीले."

काम झालं. ट्रॅक्टर अजून बंद होता. पत्रा निवला तसं समतानं आईला बोलावलं. "हात घाल."

सोजराबाईनं उरलेला डावा हात पन्हळीत घातला. खांद्यापर्यंत घातला, गाल पत्र्याला टेकेपर्यंत. बोटं आत ढोल शोधत चाचपडत राहिली. पूनमनं डोळे मिटून घेतले होते.

"नाई पुरत व," सोजराबाई म्हणाली.

मग तिनं हात बाहेर काढला, पत्र्याच्या तळाला वाळून चिकटलेली ढेप नखानं खरवडून टाकली आणि पूनमकडं वळली. "उघड डोळे. आभाळ येऊन राह्यलं. घाल कवळ."