मोरीत वाहून गेलेलं दूध

पुण्याच्या स्टेशनावर गाडीने शिट्टी दिली आणि माझ्या सहा महिन्यांच्या लेकीने सासूबाईंच्या कडेवर भोकाड पसरलं. मी खिडकीतून हात हलवला. दोन दिवसांचा तर प्रश्न! गाईचं दूध वाटी-चमच्याने पाजायला सासूबाई समर्थ होत्या. आणि मी काही माहेरपणाला निघाले नव्हते. सोलापूरच्या गिरणीत राबणाऱ्या बायकांचं दूध कष्टाने पातळ होतं का, हे आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना तपासायचं होतं. दुधाच्या बाटल्या भरून बर्फाच्या पेटीतून आणायच्या आणि तिथल्या आयांना बालसंगोपनावर चार शब्द ऐकवायचे, हे माझं काम. ऐकवायची मला हौस दांडगी.

दौंड मागे पडलं तशी झाडं विरळ झाली. दोन्हीकडे काळी रानं आणि कापणीला आलेली ज्वारी. कुर्डुवाडीला चहा घेताना गाडीने हिसका दिला आणि अर्धा कप नव्या लुगड्यावर सांडला. सोलापुरात उतरले तेव्हा माझा अवतार बघण्यासारखा होता.

"गिरनी के चाल कू जाना? बैठो की बाई," टांगेवाला म्हणाला आणि धुरांड्याच्या रोखाने घोडा पिटाळला.

चाळीत सत्यव्वाची खोली होती. आया कामावर गेल्या की त्यांची तान्ही पोरं ही म्हातारी सांभाळायची. आढ्याला झोळ्याच झोळ्या टांगलेल्या. तिने पुढ्यात कडक भाकरी (वाळवलेली, पापडासारखी ज्वारीची भाकरी) आणि शेंगाची चटणी ठेवली.

"खावा की. शेंगानं दूद उतरतंय. पर तुमाला काय करायचंय म्हना त्याचं!"

मी घास घेतला. अंगावरचं पोर टाकून आलेय, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

दुपारी भोंगा झाला आणि बायका पळतच आल्या. केसांत कापूस, पदराला कापूस. पोरांना पाजता पाजता त्यांनी माझ्या बाटल्यांत थोडं थोडं दूध पिळून दिलं. "आमचं दूद इंग्रजी शिकाय चाललं गं!" एक म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. मग मी अफूवर बोलले. पोराला अफू चाटवणं म्हणजे विष देणं, वगैरे. त्यांनी माना डोलावल्या.

फक्त गोदा म्हणून एकजण आली नव्हती. तिला मुकादमाने अडकवून ठेवलं होतं. बाकीच्या परत गेल्या तरी तिचं पोर टाहो फोडत होतं. गुळाचं पाणी त्याने थुंकून टाकलं. सत्यव्वाने कोनाड्यातली डबी काढली.

"आत्ताच काय सांगितलं मी?" मी कडाडले.

"मंग काय देऊ? तुमीच सांगा."

"आईचं दूध."

"आई गिरनीत हाय की, बाई."

ते पोर रडत होतं आणि इकडे मला पान्हा फुटला. चोळी भिजायला लागली. पदर सावरत मी आडोशाच्या मोरीत शिरले आणि दूध पिळून टाकू लागले. तेवढ्यात सत्यव्वा पोराला कडेवर घेऊन पाण्याला आली.

"अगं बया! मोरीत?" ती जागीच थबकली. "आमच्यात असं दूद मोरीत वतत न्हाईत. लईच झालं तर झाडाच्या बुडाला घालत्यात. आन् आमचं तेवडं बाटलीत भरून नेता व्हय?"

पोर माझ्याकडे बघून हात टाकत होतं. तिने मागितलं नाही, पण काय मागायचंय ते मला कळलं. कुणाचं पोर, कुठली जात, सासूबाईंना कळलं तर? मी पदर ओढून घेतला. ती निघून गेली.

मोरीत किती वेळ बसले कोण जाणे. मनाचा हिय्या करून बाहेर आले आणि हात पुढे केले. "आण त्याला."

"आता कशाला?" सत्यव्वा म्हणाली. डबी उघडीच होती.

मी त्याला मांडीवर घेतलं. त्याने तोंड लावलं नाही. ओठांवर पडलेलं दूध गालावरून ओघळून गेलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला!

गोदा धापा टाकत आली. "राजा, उठ की रं," म्हणत त्याचे गाल थोपटत राहिली. तिची चोळी ओलीचिंब झाली होती.

"द्या ती बाटली," शेवटी मला म्हणाली. "ठणकाय लागलंय." तिने ती गळ्यापर्यंत भरून दिली. "उठंल न्हवं त्यो?"

"उठेल," मी म्हटलं. मला काय ठाऊक! मुकादमाने घटकाभरच सोडलं होतं, ती पळाली. बर्फ वितळत होता, म्हणून मीही टांग्यात बसले. तो उठला का, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेटी पोचती करून घरी आले. डॉक्टरीणबाईंनी गोदाची बाटली उजेडात धरून "काय दाट आहे!" म्हटलं होतं. घरात सगळं शांत. लेक पाळण्यात निजलेली. छाती दाटली होती म्हणून तिला उचललं, तर मान एकीकडे कलली.

"उठवू नकोस गं," सासूबाई म्हणाल्या. "रात्रभर तुझ्यासाठी रडली. शेवटी तीळभर अफू उगाळून चाटवली. तुझ्या नवऱ्यालाही लहानपणी द्यायचे मी."

लेकीला उराशी धरून, ती जागी व्हायची वाट बघत बसून राहिले.

"बरं, सोलापूर कसं आहे?"

"आपल्या घरासारखंच," मी म्हटलं.