ओरत्तनाडूच्या वाटेवरच्या दोन लाल पट्ट्या

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या लॉजमधून सकाळी निघालो तेव्हा मी स्वतःवर भलताच खूश होतो. पुण्याहून रेल्वेने आणलेली गिअरची नवी सायकल होती आणि पिशवीत टायर काढायच्या दोन लाल प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या. देशाचे दरवाजे नुकतेच उघडले होते आणि आमच्या सायकलवाल्याच्या काचेच्या कपाटात परदेशी माल येऊन बसला होता. जुन्या लोखंडी पट्ट्याही असू द्या, असं बायको म्हणाली होती. मी तिला ऐकवलं, लोखंड जड असतं आणि घाई केली तर ट्यूबला चावतं. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. नव्या टायरची कड रिमवर किती घट्ट बसते, हे मात्र मी घरी एकदाही करून पाहिलं नव्हतं.

एसटीडी बूथचे पिवळे फलक मागे पडले आणि भाताची खाचरं लागली. ओरत्तनाडूला पोचून पोंगल (मुगाची डाळ घातलेला मऊ भात) खाल्लं आणि मुक्तांबाळ छत्रम् (वाटसरूंसाठी बांधलेली धर्मशाळा) पाहिलं. मराठी राजांच्या काळातली ही वास्तू. कुणा परक्याच्या जेवणाखाण्याची इतकी काळजी आपल्या माणसांनी इतक्या लांब येऊन केली, याचं मला फार बरं वाटलं.

परतताना भर दुपारी मागचं चाक बसलं. वारा नव्हता, कावळासुद्धा ओरडत नव्हता. रस्त्याकडेच्या एका कौलारू घरासमोर कडुनिंबाची सावली बघून मी सायकल उलटी केली. टायरखाली पट्टी घातली, जोर लावला आणि ती कट्कन मोडली. दुसरीही तशीच गेली. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी पट्ट्यांना, दुकानदाराला आणि उन्हाला मराठीत शिव्या घातल्या.

"इतकं रागावूं नये, अण्णा," मागून आवाज आला. "या, तिन्नैवर (ओट्यावर) बसा."

दारात पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. काठाची सुती साडी, नाकात दोन्हीकडे चमकी. घराणं मराठी राजांबरोबर आलेलं, शाळेत तमिळ शिकवतात आणि मराठी फक्त घरात बोलतात, असं त्यांनी सांगितलं. मी खाली पडलेले तुकडे उचलून ओट्यावर ठेवले. बाईंनी मोर (ताक) आणून दिलं. ते पिताना माझं लक्ष ओट्याच्या टोकाला गेलं. तिथे एक काळी सायकल उलटी ठेवलेली होती. मागचा टायर अर्धा निघालेला आणि त्याच्या कडेखाली लोखंडाच्या दोन पट्ट्या अडकवलेल्या. मला देव पावल्यासारखं वाटलं. पट्ट्या घेऊ का, असं विचारलं.

"त्यास हात लावूं नका," बाई शांतपणे म्हणाल्या. "आमचे घरचे आतांच सोल्यूशन आणावयास गेलेत."

माझ्याकडे सोल्यूशन आहे, यजमानांचंही पंक्चर काढून देतो, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी मान हलवली. काम त्यांचं आहे, आल्यावर तेच करतील, असं म्हणून त्या आत गेल्या आणि माझ्यासाठी जाड दांड्याचे दोन पितळी चमचे घेऊन आल्या.

या वेळी मी घाई केली नाही. उरलेली सगळी हवा सोडली. टायरच्या दोन्ही कडा चाकभर दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलल्या, तेव्हा एका जागी जरा ढिलेपणा आला. तिथे चमच्याचे दांडे घातले आणि कड अलगद बाहेर आली. पंक्चर चिकटवलं. बसवताना चमचे वापरलेच नाहीत. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून अंगठ्यांनी दाबत दाबत व्हॉल्व्हपाशी आलो.

"आमचे घरचेही अस्सेच बसतात," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात रस्त्यावर सायकलची घंटी वाजली. बाई लगबगीने उठून आत गेल्या. दारातून मला दिसलं, त्यांनी केळीचं पान मांडलं आणि त्यावर पाणी शिंपडलं. मी रस्त्याकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना लांबवर कुणीही नव्हतं.

तेव्हा मी ती काळी सायकल पहिल्यांदा नीट पाहिली. अंगण लख्ख होतं, दाराशी कोलम (रांगोळी) होती, पण ओट्याच्या त्या टोकाला सीट आणि हँडल पाचोळ्यात बुडाली होती. खालचा पाचोळा कुजून माती झाली होती. पट्ट्या गंजून रिमशी एकजीव झाल्या होत्या आणि टायरला भेगा पडल्या होत्या.

बाई बाहेर आल्या. माझे लाल तुकडे आणि रबराचा चुरा झाडायला मी केरसुणी मागितली.

"मनुष्य बाहीर गेल्यावर त्याची जागा झाडूं नये," त्या म्हणाल्या. "ठिकाणीं पोंचला म्हणून कळलें कीं मग झाडावें. नाहीं तर वाट पुसून जाते."

ही रीत माझ्या आईचीही होती. माणूस निघाला की घटकाभर ती केर काढत नसे. घटकाभर, एवढंच. मी काळ्या सायकलीकडे पाहणं टाळलं आणि हवा भरायला लागलो.

निघताना बाईंनी सांगितलं, तंजावूरच्या बाजूला जाताय, वाटेत ते भेटले तर पान मांडलंय म्हणावं. मी बरं म्हटलं. मग त्यांनी ओट्यावरच्या माझ्या मोडक्या पट्ट्यांकडे बोट दाखवलं.

"हेही असूं दे. तुमी घरीं पोंचलां म्हणून कळलें कीं झाडतें."

मी मागे न बघता पायडल मारत सुटलो. वाटेत जो कुणी सायकलवाला दिसे, त्याच्या हाताकडे माझी नजर जाई. सोल्यूशनची ट्यूब घेऊन येणारा कुणी भेटला नाही. पोचल्याचं कळवायला बाईंचं नाव आणि गाव विचारायचं भीतीपायी राहिलं, हे तंजावूरच्या पुलाशी आल्यावर ध्यानात आलं, आणि पुन्हा त्या रस्त्याला जायची माझी छाती झाली नाही.

पुण्यात आता टायर बदलताना मी अंगठेच वापरतो. पिशवीत लोखंडी पट्ट्याही असतात, बायको हसते. मी बाहेर पडलो की ती लगेच केरसुणी हातात घेते आणि मी जिन्यातून ओरडतो, जरा थांब. मी घरी पोचून कित्येक पावसाळे झाले. पण ओरत्तनाडूच्या वाटेवरच्या त्या ओट्यावर दोन लाल पट्ट्या पाचोळ्यात पडून असतील, आणि त्या घराच्या लेखी मी अजून घरी पोचलेलो नाही.