दादाचा घण आणि बायकोची गाडी

आमच्या घरात बिघडलेली वस्तू दुरुस्त करायची एकच पद्धत होती. तिला मारायचं. टीव्हीला डोक्यावर थापड, मिक्सरला बुक्की, बंद पडलेल्या पंख्याला झाडूच्या दांड्याने ढोसणी. वडील आम्हा दोघा भावांनाही याच पद्धतीने दुरुस्त करायचे, आणि आम्ही सुधारलो अशी त्यांची शेवटपर्यंत समजूत होती. दादाने पुढे वणी-सुरगाणा लाइनवर प्रवासी जीपा घातल्या आणि ही विद्या त्याच्या हाडात मुरली. स्टार्टर अडकला, घाल हातोडी. दार लागेना, घाल लाथ. आणि त्या जीपा खरोखरच मार खाऊन चालू व्हायच्या, हे तिथे उभं राहून बघितलेलं आहे.

अशा घरात मी एक वापरलेली इलेक्ट्रिक गाडी आणली.

त्या काळी विजेवर चालणारी मोटार म्हणजे नाशकात अप्रूपच होतं. दोन दारांची, खेळण्यातल्यासारखी, दुपट्यात गुंडाळलेल्या बाळासारखी गोल. पंचवटीतल्या सिग्नलला थांबली की रिक्षावाले वाकून विचारायचे, "साहेब, किल्ली पाठीमागून द्यायची का?" पण मी ती हौसेसाठी आणली नव्हती. माझ्या बायकोचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला. पायाला कॅलिपर बांधून, काठी घेऊन ती चालते, आणि शाळेत शिकवते. या गाडीला क्लच नव्हता, गिअर नव्हते. एक उजवा पाय पुरायचा. त्याआधी ती माझ्या स्कूटरवर जायची, आणि मी नोकरीच्या फिरतीवर असलो की दादाच्या जीपमधून. जीप उंच. ड्रायव्हर काखेत हात घालून तिला वर ओढायचा. "कांद्याच्या गोणीसारखं चढवतात मला," एवढंच ती एकदा म्हणाली होती. पुन्हा तो विषय तिने काढला नाही. मीही नाही.

गाडी आल्यावर ती एकटी जायला लागली. येताना भाजी आणायला लागली. एकदा तर उगाचच गंगापूर धरणापर्यंत जाऊन आली, आणि कुणाला का सांगितलं नाही असं आईने विचारल्यावर म्हणाली, "सांगायचं राहिलं." काय तोऱ्यात म्हणाली!

दसऱ्याला दादाने त्याच्या सगळ्या जीपांबरोबर या गाडीचीही जोरदार पूजा केली. दिवाळीनंतर गाडी चार्ज व्हायची थांबली.

एरवी मी संध्याकाळी वायर लावली की गाडीच्या पोटात 'टक' असा आवाज व्हायचा आणि मग घूं सुरू व्हायचं. आता ना टक, ना घूं. भिंतीतला सॉकेट नीट होता, त्यावर इस्त्री तापत होती. वायर मी बदलून पाहिली. कंपनीला फोन केला तर गाडी पुण्याला ओढून आणा म्हणाले. मग मी घराण्याची पद्धत वापरली आणि बॉनेटवर दोन बुक्क्या मारल्या. प्लास्टिकचं बॉनेट. ते चेपलं, आणि माझी करंगळीही.

रविवारी सकाळी दादा अंगणात आला. "भंगारवाल्याला बोलावलंय. संध्याकाळी टेम्पो घेऊन येतो. ही जागा मला जीपला पायजे. तिला सांग, उद्यापासून आपली जीप सोडत जाईल शाळेत."

बायको चार हातांवर ओट्यावर बसलेली होती. पण आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाही. लग्नापासून दादा तिच्याशी माझ्यामार्फतच बोलत आला होता. मी म्हणजे घरातलं टेलिफोन एक्स्चेंज.

"दादांना सांगा, संध्याकाळ अजून झालेली नाही," बायको म्हणाली.

मग आम्ही दोघं भाऊ दुरुस्तीला लागलो. म्हणजे दादा लागला आणि मी पाना धरला. त्याने सीट उपटून काढलं. खाली बॅटऱ्यांची रांग. "मेल्यात ह्या," तो म्हणाला, आणि एकीला टोला हाणला.

"टक आवाज होतो का, ते विचारा त्यांना," ओट्यावरून बायको म्हणाली. "होत नाही. म्हणजे वीज आत शिरतच नाहीये. घास तोंडातच अडकलाय आणि तुम्ही आतडी काय तपासताय?"

"तिला सांग, मला शिकवू नको."

तेवढ्यात दादाने बॅटरीचा नट ओढला आणि पाना सटकून दोन टोकांवर आडवा पडला.

बंदूक सुटावी तसा आवाज झाला. पांढराशुभ्र लखलखाट. पाना जागच्या जागी चिकटून लाल झाला, दोन बॅटऱ्यांमधली पट्टी वितळून तुटली, आणि दादा मागच्या मागे भिंतीवर आदळला. त्याच्या भुवया गेल्या होत्या. ॲसिडचे थेंब माझ्या पँटवर उडाले होते. भोकं दुसऱ्या दिवशी पडली, पण मी ओरडून तेव्हाच घेतलं.

दादा उठला तो घण घेऊनच. "माणूस मारंल ही गाडी! ठेवतच नाय!" पहिल्या घावात मागची काच खळ्ळकन खाली आली. मी त्याच्या कमरेला मिठी मारली. त्याने कोपराने माझं नाक फोडलं. माझ्या बनियनवर रक्त बघून मला जे शौर्य चढलं, त्यात मी त्याच्या दंडाला चावलो. चाळिशीला टेकलेला गृहस्थ, घरात बायको, आई, आणि मी सख्ख्या भावाला चावतोय. त्याने मला केसांना धरून गाडीवर आपटलं. दारात आई ओरडत होती, "मारा! मरा एकदाचे दोघं!"

दादाने पुन्हा घण उचलला, तेव्हा त्याच्या मनगटावर काठी बसली. सगळ्या ताकदीने. घण सुटला आणि माझ्या अंगठ्यावर पडला.

अंगणात एकदम शांतता झाली. म्हणजे मी सोडून.

बायको एका हाताने गाडीला धरून उभी होती, काठी अजून वर. "मी गोणी नाहीये," ती म्हणाली. माझ्यामार्फत नाही. सरळ दादाच्या तोंडाकडे बघून. "बसा दोघंही. भिंतीतलं बटण बंद करा आधी."

दादा बटण बंद करून बसला. मी तर आधीच बसलेलो होतो.

पुढच्या चाकाजवळ, खालच्या बाजूला चार्जिंगचं झाकण होतं. ती वाकू शकत नाही म्हणून वायर नेहमी मीच लावायचो, अंधुक उजेडात, चाचपडत. ती आता स्टुलावर बसली, पाय लांब केला, झाकण उघडून टॉर्च मारला. बराच वेळ बघत राहिली. मग अंबाड्यातली पिन काढून आत घातली आणि काहीतरी उकरून तळहातावर घेतलं.

तांदळाचा दाणा होता. जळून काळा झालेला. मागोमाग कुंकवाचा खडा, आणि हिरवी बुरशीसारखी पूड.

मला दसरा आठवला. जीपांची बॉनेटं उघडून दादाने इंजिनांना कुंकू लावलं होतं. या गाडीचं बॉनेट उघडलं तर आत इंजिनच नाही. "हिची पूजा कुठं करायची रं?" त्याने अगदी काळजीने विचारलं होतं, आणि मी ऐटीत हे झाकण उघडून दाखवलं होतं. "ही इथून जेवते." त्याने मग त्या तोंडात हळद घातली, कुंकू घातलं, अक्षता घातल्या, आणि फुटलेल्या नारळाचं पाणी वर ओंजळभर पाजलं. जीपांना त्याने एवढं काही केलं नव्हतं.

दादा त्या दाण्याकडे बघत राहिला. मग उठला, पॉलिश पेपर घेऊन आला, आणि सुजलेल्या मनगटाने झाकणापाशी मांडी घालून आतली एकेक पिन घासायला बसला. इतक्या हलक्या हाताने त्याला काही करताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग त्याने जीपच्या जाड वायरीचा तुकडा कापून जळालेल्या पट्टीच्या जागी बसवला. या वेळी पान्याला कापड गुंडाळून.

बायकोने वायर लावली. "बटण."

मी लंगडत जाऊन दाबलं.

टक.

आणि मग घूं.

दादा मनगट चोळत होता. "तू मारतेस लय जोरात," तो तिला म्हणाला. तिच्याकडे बघून, तिला.

"लागलं का फार?"

"मग!"

तेवढ्यात फाटकाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. आलेला माणूस रिकाम्या हाताने कसा पाठवायचा, म्हणून दादाने त्याला थापडा खाऊन खाऊन मेलेला आमचा टीव्ही देऊन टाकला.

सोमवारी बायको मागच्या काचेला प्लास्टिक चिकटवून शाळेत गेली. मला टिटॅनसचं इंजेक्शन घ्यायचं होतं, जाताना तिनेच मला दवाखान्यापाशी सोडलं.

पुढच्या दसऱ्याला दादा हातात नारळ घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. "सांग, कुठं फोडू?"

तिने काठीने दाखवलं. फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे. तो निमूटपणे तिकडे गेला.