आप्पासो हवालदार मनोऱ्यावर चढतात

आप्पासो हवालदार फौजेतून पेन्शनवर घरी आले तेव्हा गावानं ट्रॅक्टरवरून त्यांची मिरवणूक काढली, आणि महिना व्हायच्या आतच गावाला त्यांचा वैताग आला. माणूस मनानं चांगला, पण दुसऱ्याला वळण लावायची भारी खोड. एसटीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसांना ते उंचीप्रमाणे रांगेत लावत. डेअरीवर किटली घेऊन येणाऱ्याला छाती पुढं काढायला सांगत. शेवटी त्यांच्या बायकोनंच, भामाबाईंनी, हायस्कूलच्या हेडमास्तरांना गाठलं आणि यांना कुठंतरी अडकवा म्हणून गळ घातली. शाळेत खेळाच्या मास्तरांची जागा बरेच दिवस रिकामी होती. आप्पासो तिथं चिकटले आणि पलूस तालुक्यातलं ते गाव सुटलं.

पुढं जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांत चिअरलीडिंग आलं. गावानं हा शब्द ऐकला आणि कपाळाला आठ्या घातल्या. टीव्हीवर षटकार बसला की नाचणाऱ्या बायका सगळ्यांनी बघितल्या होत्या, चवीनं बघितल्या होत्या, पण त्यातली एखादी आपल्या घरची असावी असं कुणालाच वाटत नव्हतं. पालकांची सभा बोलावली. एका आजोबांनी चेअर म्हणजे खुर्ची एवढंच धरून ठेवलं होतं, त्यामुळे शाळेच्या खुर्च्या मोडतील ही त्यांची वेगळीच तक्रार होती. आप्पासोंनी मोबाईलवर व्हिडिओ लावला. त्यात मुली एकमेकींच्या खांद्यावर चढत होत्या, वर उडत होत्या, खालच्या त्यांना अलगद झेलत होत्या. सभा मोबाईलभोवती गोळा झाली. मग आप्पासोंनी सांगितलं की हे नाचणं नव्हे, ही कसरत आहे, आपण स्वतः परेडला चालत्या मोटरसायकलवर माणसांचा मनोरा रचलेला आहे, आणि पोरींच्या अंगात पायघोळ ट्रॅकसूट असेल. ट्रॅकसूटवर सभेचं एकमत झालं.

मनोऱ्याच्या खाली ऊसवाल्यांच्या घरच्या दणकट पोरी उभ्या केल्या. वर चढवायला हवी होती हलकी आणि न भिणारी. ती सोनम निघाली. तिचा बाप धुळा आटपाडीकडचा मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन नदीकाठच्या रानांत उतरायचा, आणि शाळा बुडू नये म्हणून पोरीला गावात आत्याकडं ठेवायचा. आत्याच्या शेळ्यांसाठी पाला काढायला सोनम बाभळीच्या शेंड्यापर्यंत जायची, काट्यांना वळसा घालून. आप्पासोंनी तिला झाडावरच पहिल्यांदा बघितलं आणि खालूनच संघात घेतलं.

सराव तोडलेल्या उसाच्या फडात. गाद्या नव्हत्या, उसाच्या वाळक्या पाल्याचा, पाचटाचा ढीग होता. सोनम पडायची, डोक्यातलं पाचट झटकायची आणि परत चढायची. सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात आप्पासोंनी तीन थरांचा मनोरा उभा केला आणि वरून सोनमनं झेंडा हलवला, तेव्हा ते खुर्चीवाले आजोबासुद्धा उठून उभे राहिले. आप्पासो खाली उभे राहून "शाब्बास" म्हणत होते. त्या दिवसापासून तीन थर म्हणजे गावाची अब्रू होऊन बसली.

आणि मग स्पर्धा घेणाऱ्या संघटनेनं नियम बदलले. चौदा वर्षांखालच्या मुलींना तिसरा थर बंद. सराव गाद्यांवरच करायचा. वर मुलगी असली की तिच्या मागं एक जण हात वर करून उभी पाहिजे, आणि तिनं नजर हलवायची नाही. डोक्याला मार लागला की मुलगी त्या दिवसापुरती बाहेर, मग ती काही का म्हणेना. यावर कडी म्हणजे, प्रत्येक मास्तरानं साताऱ्याला जाऊन प्रशिक्षण घ्यायचं, नाहीतर संघ बाद.

आप्पासोंचा संताप झाला. हा खेळ आहे का दवाखाना, असं ते दिसेल त्याला विचारत सुटले. भामाबाईंनी बॅग भरून दिली आणि नवरा एसटीत बसेपर्यंत थांब्यावरच थांबल्या, मन बदललं तर काय घ्या.

साताऱ्याच्या शिबिरात शिकवायला संयोगिता नावाची तिशीतली बाई होती. ती स्वतः पूर्वी मनोऱ्यावर वर चढायची. आप्पासोंनी तिला बघितलं आणि ही पोर मला काय शिकवणार असा चेहरा करून मागं बसले. तिनं पहिलाच प्रश्न विचारला की तुमच्यापैकी वर कोण कोण चढलंय? खोलीत सगळे मास्तर, आयुष्यभर खालून ओरडलेले. एकाचाही हात वर झाला नाही. आप्पासो पुटपुटले की परेडच्या मनोऱ्यात आपण मोटरसायकल चालवत होतो. बाई म्हणाली, मग आज सगळ्यांनी चढायचं.

फार काही नव्हतं. दोघांनी गुडघे वाकवून उभं राहायचं, तिसऱ्यानं त्यांच्या मांड्यांवर चढायचं, हात सोडून ताठ व्हायचं आणि मागं अंग टाकून द्यायचं. मागं चार जण झेलायला. आप्पासोंच्या उजव्या पायाखाली तासगावचे नाथाजी मास्तर आले. घरचा बेदाण्याचा धंदा, स्वभावही तसाच गोड. आप्पासोंचं वजन त्यांना पाय ठेवल्यावर कळलं, तोवर उशीर झाला होता.

आप्पासो चढले. बर्फात रात्री काढलेला माणूस, आणि उंची ती काय, माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढावं तेवढी. पण स्टूल श्वास घेत नाही. पायाखालची दोन्ही माणसं श्वास घेत होती. आप्पासोंनी खाली बघितलं आणि नाथाजींचे केस दोन्ही हातांनी धरले.

"हवालदार, केस सोडा," नाथाजी कळवळून म्हणाले, "आधीच थोडे राहिल्यात."

"तुमी हलू नका, मी सोडतो."

"तुमी सोडा, मी हलत न्हाई."

हे बराच वेळ चाललं. बाकीचे मास्तर पहिल्यांदा हसले, नंतर आपलीही पाळी आहे हे आठवून गंभीर झाले. संयोगिता पुढं आली. तिनं अंग टाका असं सांगितलं नाही. वरून काय दिसतंय तेवढंच विचारलं.

"काय बी दिसत न्हाई," आप्पासो म्हणाले. "खालची माणसं हलत्यात, येवढंच कळतंय."

"तुमच्या संघातली मुलगी तिसऱ्या थरावर चढते म्हणालात ना?"

आप्पासो हळूच म्हणाले, "तिला बी असंच वाटत असंल?"

"तुम्ही कधी विचारलंय तिला?"

आप्पासो काही बोलणार तेवढ्यात नाथाजींच्या मांडीनं दम सोडला. आप्पासो मागं गेले, नाथाजींचे चार केस मुठीत घेऊन. मागच्या चौघांनी त्यांना झेललं. जमिनीवर पाय टेकल्यावर आप्पासोंनी त्या चौघांशी एकेक करून हात मिळवला आणि त्यांची गावं विचारून घेतली. परतीच्या एसटीत त्यांनी ड्रायव्हरलासुद्धा गाडी कशी चालवावी ते सांगितलं नाही.

गावात पोचल्यावर पहिल्यांदा ते सोनमच्या आत्याच्या दारात गेले. सोनम शेळ्यांना पाणी दाखवत होती. आप्पासोंनी तिला विचारलं, वर भीती वाटते का.

"वाटती की," ती म्हणाली. "लय वाटती. पर तुमी खालनं शाब्बास म्हणता. मग उतरायचं कसं?"

आप्पासोंनी बादली तिच्या हातातून घेतली आणि उगाचच शेळ्यांना पाणी पाजत बसले.

त्यानंतर मात्र गावाचे खरे हाल सुरू झाले. आधी माणूस नियमांच्या विरुद्ध होता, आता नियमांच्या बाजूनं झाला, आणि हे जास्त वाईट होतं. तिसरा थर गेला. पाचट गेलं. दाराशी गाडी घेऊन जाऊन आप्पासोंनी घराघरांतल्या जुन्या गाद्या गोळा केल्या. भामाबाईंच्या माहेरची गादीही त्यात गेली. मागं उभ्या राहणाऱ्या पोरीला त्यांनी राखणवाली असं नाव दिलं, कणसं आली की पाखरं राखतात तशी. पण हे शाळेपुरतं राहीना. भामाबाई लोणच्याच्या बरणीसाठी स्टुलावर चढल्या की हे मागं हात वर करून उभे. लाईटच्या खांबावर वायरमन चढला तर खाली हे. वायरमननं वरून तीनदा विचारलं की काय पाहिजे, आणि आप्पासोंनी नजर न हलवता सांगितलं की तुमी तुमचं काम करा.

स्पर्धा सांगलीला होती. गाव टेंपो भरून हलगी घेऊन आलं. मेंढरं भावावर सोपवून धुळाही आला, डोक्याला नवा पटका. त्यानं पोरीची कसरत अजून एकदाही बघितली नव्हती. सव्वीस जानेवारीला तो नदीपलीकडं होता.

संघ सुरेख खेळला. दोन थरच, पण एकही पोर डगमगली नाही. बाकीचे संघ बघता आपला नंबर येणार हे हलगीवाल्यालासुद्धा कळलं होतं. शेवटच्या मनोऱ्याआधी सोनमला वर उडवलं, ती गिरकी घेऊन खाली आली, झेललीही नीट, पण झेलताना तिचं डोकं खालच्या पोरीच्या कोपरावर आपटलं. क्षणभर ती तशीच राहिली. मग उठली, हसली, आणि शेवटच्या मनोऱ्यासाठी पाय उचलला.

संगीत चालू होतं. पंचांच्या ते ध्यानात आलं नव्हतं. गावाच्याही नाही. आप्पासो मात्र गादीवर चालत गेले आणि त्यांनी सोनमचं मनगट धरलं.

"बास. खाली बस."

"मला काय बी झालं न्हाई, सर."

"बस म्हटलं न्हवं."

हलगी थांबली. कसरत अर्धवट राहिली ती राहिलीच, आणि नंबर गेला. डॉक्टरांनी तपासलं. बारीक टेंगूळ होतं, दुसरं काही नव्हतं; तरी आज आराम द्या म्हणाले. काहीतरी निघालं असतं तर गावानं आप्पासोंना डोक्यावर घेतलं असतं. काही निघालं नाही, म्हणून परतीच्या टेंपोत त्यांच्या शेजारी कुणी बसेना. सोनम पुढं ड्रायव्हरजवळ बसून रडत होती, आणि ते रडणं डोक्याच्या दुखण्याचं नव्हतं.

शेवटी धुळा येऊन शेजारी बसला. भिलवडी आल्यावर त्यानं पटका काढून मांडीवर ठेवला.

"मास्तर, मी मेंढरं टाकून आलो," तो म्हणाला, "अन् पोरगी निम्मीच बगितली."

"पुढच्या सालाला पुरी बगा."

"मेंढरं कुटं असत्याल तवा, कुणाला ठावं?"

"मी येतो की राखायला," आप्पासो म्हणाले.

धुळानं त्यांच्याकडं नीट बघितलं. हा माणूस मेंढरं उंचीप्रमाणे लावील असं त्याच्या मनात आलं असावं, कारण तो नको म्हणाला. पण उठून दुसरीकडं गेला नाही.

सोनम बरेच दिवस आप्पासोंशी बोलली नाही. सरावाला मात्र एक दिवस चुकली नाही. यायची, चढायची, उतरायची आणि जायची. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती अशी काही वाढली की शाळा उघडली तेव्हा तिला वर चढवणं खालच्यांना झेपेना. वर एक नवी, पाचवीतली चिमुरडी आली. सोनम राखणवाली झाली. आप्पासोंना वाटलं होतं की पोरगी रुसेल. पण हात वर करून ती अशी उभी राहायची की समोरून मिरवणूक गेली असती तरी तिनं मान वळवली नसती.

एका सकाळी दव पडून गाद्या ओल्या झाल्या होत्या. आप्पासो जरा घाईत होते. एवढ्याशा ओलीनं काय होतंय, असं म्हणून त्यांनी पोरींना उभं राहायला सांगितलं. सोनम गादीच्या मधोमध जाऊन मांडी घालून बसली.

"निसरडं हाय, सर. पुसल्याबिगर कुणी चढायचं न्हाई."

बाकीच्या पोरी आप्पासोंच्या तोंडाकडं बघायला लागल्या. आप्पासोंनी फौजेत शिकलेला आवाज घशापर्यंत आणला, थोडा वेळ तिथं ठेवला आणि गिळला. मग ते फडकं आणायला घराकडं निघाले. भामाबाईंनी जुनं लुगडं दिलं, पण गादी माझ्या माहेरची आहे, हळू पुसा, असं बजावून दिलं.