दुसऱ्या यादीची पत्रं

जव्हारच्या ज्या संस्थेत मी संगणक सांभाळतो, तिथे गावागावांतल्या मुलींना रुग्णसेविकेचं प्रशिक्षण मिळतं. आमचे सचिव निवृत्त अधिकारी. नोकरी संपली, साहेबी संपली नाही. समोरची फाईलसुद्धा दुसऱ्या कुणीतरी उचलून हातात द्यावी लागते. त्या वर्षी निवडीच्या पहिल्या यादीतल्या मुली आल्या, दुसऱ्या यादीतली एकही फिरकली नाही. सचिवांनी सभेत निष्कर्ष काढला, "इथल्या पोरींना शिकायचंच नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

दिवाळीनंतर वांगणीची एक बाई मुलीला घेऊन जीपने आली. हातात मेलवरून छापून घेतलेलं निवडीचं पत्र होतं. हजर राहायची तारीख उलटून दहा दिवस झाले होते.

"पोरीचा नंबर लागलाय," ती म्हणाली. "पन मेल उशिरा दिसला. आता घेता का तिला?"

सचिवांनी कागद दोन बोटांनी धरला आणि संस्थेतून गेलेले मेल मला बघायला सांगितले. मी पाहिले. असं पत्र आमच्याकडून गेल्याची नोंद नव्हती. यादीत मुलीचं नाव आहे का, ते बघायचं कुणालाच सुचलं नाही.

"बनावट आहे," सचिव म्हणाले. "झेरॉक्सच्या दुकानात छापून आणलंय."

"आमी कशाला खोटा आनू? वर तुमचाच नाव हाय."

"नाव काय, कुणीही घालतं, बाई."

मुलगी दाराशी उभी होती. आईने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि दोघी निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी दारावर सूचना लागली: बनावट पत्रांपासून सावध राहावे. खाली सचिवांची सही, तीही शिक्क्यासकट.

गंमत अशी की सचिव खरं बोलले होते. मेलवर पाठवणाऱ्याचं नाव कुणालाही घालता येतं. म्हणूनच लोकांचे मेल स्वीकारणाऱ्या मोठ्या कंपन्या रोज कळवतात की तुमच्या नावाने कुठल्या यंत्रावरून किती मेल आले आणि त्यातले खरे किती ठरले. त्याला डीमार्क रिपोर्ट म्हणतात. दोन वर्षांपूर्वी ठाण्याहून आलेल्या सल्लागाराने ते माझ्या पत्त्यावर सुरू करून दिले होते. 'डिजिटल परिवर्तन' या विषयावर तो दिवसभर बोलला. पडद्यावर भाताच्या शेताचं चित्र होतं, त्यात शंकूसारख्या टोप्या घातलेली माणसं लावणी करत होती. ऐकायला बोलावलेल्या मोखाड्याच्या शेतकऱ्यांनी ते कौतुकाने पाहिलं. जाताना सल्लागार म्हणाला, "डेटा बोलतो." बोलत असेल. रोज येणाऱ्या त्या बारक्या झिप फायली उघडल्या की आत नुसते कंस आणि आकडे दिसत. महिनाभरात मी असा नियम लावून टाकला की रिपोर्ट आला की न उघडता थेट एका फोल्डरमध्ये जावा. सचिव हातातलं पत्र वाचत नव्हते, मी मेलमधले रिपोर्ट. त्यांच्यापेक्षा मी शहाणा होतो असं मुळीच नाही.

मुलीचं ते दाराशी उभं राहणं मात्र डोक्यातून जाईना. सामानाच्या खोलीत वजनकाट्यांखाली एक जुना संगणक पडला होता. तो मी झटकून बाहेर काढला आणि हे रिपोर्ट वाचून तक्त्यात मांडणारी एक फुकट मिळणारी प्रणाली त्यावर टाकली. तक्ता ब्राउझरमध्ये दिसावा म्हणून वेब सर्व्हर बसवला. पहिल्या दिवशी पानावर एकच ओळ आली: परवानगी नाही. मीच बसवलेला सर्व्हर मलाच आत घेईना. आमच्या संस्थेत तो चांगला रुळला असता. फायली वाचायचे हक्क त्याला नीट दिल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी तक्ता उमटला.

पत्रावरची तारीख शोधली. त्या दिवशी आमच्या नावाने एकतीस मेल एकाच यंत्रावरून गेले होते आणि सगळ्यांपुढे लाल खूण होती. यंत्राचा पत्ता शोधला, तर ते सल्लागाराचंच निघालं. दुसरी यादी 'सगळी पत्रं एकदम जाऊ देत' म्हणून सचिवांनी त्याच्याकडे पाठवली होती आणि विसरले होते. आमच्या नावाने मेल पाठवायला ज्या यंत्रांना मुभा आहे, त्यांत आपलं यंत्र नोंदवायचं सल्लागार विसरला होता. त्यामुळे पत्रं खोटी ठरून स्पॅममध्ये पडली. यादीतल्या मुलीही एकतीसच होत्या.

सचिवांना पान दाखवलं. त्यांनी विचारलं, "हे बाहेरच्या लोकांना दिसत नाही ना?"

सल्लागाराला फोन केला, तर तो म्हणाला, "तुमच्याकडे तांत्रिक जाण असलेला माणूस हवा."

दारावरची सूचना संध्याकाळपर्यंत कुणीतरी काढली. कुणी, ते कुणी विचारलं नाही. मी अर्जांवरचे नंबर घेऊन फोन करत बसलो. बरेच बंद होते. साखरशेतचा एक बाप म्हणाला, "पोर भिवंडीला कामाला गेली. आता नाय येयची." मोखाड्याच्या एकीचं लग्न ठरलं होतं. शेवटी चार मुली आल्या आणि चालू वर्गात बसल्या. एकतीसमधल्या चार.

वांगणीची मुलगी त्या चौघींत होती. आई तिला पोचवायला आली, तेव्हा मी व्हरांड्यात थांबवून सांगितलं, "पत्र खरं होतं. आम्हीच पाठवलं होतं. चूक आमची."

ती पिशवी खाली ठेवून उभी राहिली. "मंग पोर खरा बोलत होती," ती म्हणाली. "मी तिला लय बोलली. घरी नेऊन मारला पन."

मुलगी चप्पल काढून आत गेली होती, तिने हे ऐकलं की नाही मला ठाऊक नाही. एवढ्यात सचिव केबिनमधून बाहेर आले. बाईच्या डोळ्यांत पाणी पाहून त्यांनी मला विचारलं, "काय झालं?"

"माफी मागायची राहिलीय, साहेब," मी म्हणालो.

सचिव तिच्याकडे वळले आणि हात किंचित वर करून मोठ्या मनाने म्हणाले, "असू दे, असू दे. आम्ही काही मनात ठेवत नाही."