पाण्यावाचून एक भाषण

माझ्या बायकोच्या मामांइतका वाईट वक्ता आपल्या विधानसभेने दुसरा पाहिला नसेल, आणि त्यांना आयुष्यात एकदाच चांगलं बोलायला लावण्याचं पाप माझं आहे. पहिली गोष्ट सगळ्या मुलुंडला ठाऊक होती. दुसरी फार दिवस मामांना आणि मलाच ठाऊक होती, आणि त्यांनी ती कुणाला सांगितली नाही म्हणून मी आज लिहितो आहे.

मामांची पिठाची गिरणी होती. निवडणुकीत दोन बडे उमेदवार एकमेकांच्या उरावर बसले, आणि ज्यांना ते भांडण बघून कंटाळा आला होता त्या लोकांनी, निदान रोज दिसणारा माणूस तरी असावा म्हणून मामांना मत दिलं. निकाल लागला तेव्हा ते कुणाचे तरी गहू दळत होते. कार्यकर्ते हार घेऊन आले तर म्हणाले, "थांबा रे, एवढं दळण होऊ दे, बाई ताटकळल्यात." आमदार झाल्यावर ते पांढरेशुभ्र कपडे घालू लागले. त्याचं कारण विचारलं तर सांगायचे, "पीठ दिसत नाही ना!" गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजावर बोलून बोलून त्यांचा आवाज कायमचा वर चढलेला होता. सभागृहात माइक असतो हे त्यांना अध्यक्षांनी पुष्कळदा समजावलं, पण मामा शेवटच्या बाकावरून, खांबाच्या आडून, असे काही कडाडायचे की पुढे पेंगणारे मंत्री दचकून फायली सावरायचे.

घरीही अधिवेशन चालूच असे. मामी स्वयंपाकघरातून ताट घेऊन आल्या की मामा उभे राहत. "अध्यक्ष महोदया, आमटीत मीठ कमी आहे या गंभीर बाबीकडे मी सभागृहाचं लक्ष वेधू इच्छितो." मामी म्हणत, "सरकारने दखल घेतली आहे. गपचूप जेवा." तरी ते बोलत राहिले तर मामी देवघरातली घंटा आणून वाजवत. वेळ संपल्यावर अध्यक्ष घंटी वाजवतात हे मामांनीच त्यांना कौतुकाने सांगितलं होतं, आणि मग आयुष्यभर पस्तावले होते. घंटा वाजली की मात्र ते अर्ध्या शब्दावर खाली बसत. विधानसभेतही तसंच. मागच्या बाकावरच्या आमदाराला बोलायला मिळतं ते शेवटी, दोन मिनिटं, जेव्हा बाकीचे सदस्य चहाला गेलेले असतात. त्या दोन मिनिटांसाठी मामा सकाळपासून बसून राहायचे. कॅन्टीनलासुद्धा जायचे नाहीत. "तेवढ्यात नाव पुकारलं तर?" म्हणायचे.

आणि नाव पुकारलं की, चर्चा कशावरही असो, ते पाण्यावर येत. आमच्याकडे डोंगराच्या चढावर एक वस्ती होती. कोकणातून आलेली, गिरणीकामगारांची घरं. कापडगिरणीतलं काम गेल्यावर कुणी वॉचमन झालं होतं, कुणी भाजी विकत होतं. त्यांचा नळ खाली रस्त्यावर. बायका हंडे घेऊन उतरत आणि भरलेले हंडे घेऊन चढत. त्यांचं दळण मामांकडे यायचं. दळण होईपर्यंत त्या बोलायच्या आणि मामा ऐकायचे, म्हणजे पट्ट्याच्या आवाजात जेवढं ऐकू येईल तेवढं. मग ते सगळं सभागृहात यायचं. पोलीस खात्यावर चर्चा निघाली तर मामा म्हणाले, "अध्यक्ष महोदय, बाई पाण्याच्या रांगेत असते तेव्हा घर उघडं असतं, चोराला दुसरं काय पाहिजे?" शिक्षणावर निघाली तर म्हणाले, शाळेच्या पटावर मुलींची नावं आहेत, पण मुली नळावर आहेत. दारूबंदीवर म्हणाले, दारू वस्तीच्या दारात मिळते आणि पाणी डोंगराखाली, तेव्हा माणूस काय पिणार ते सरकारनेच ठरवलंय. कुटुंबनियोजनाच्या दिवशी तर कहर झाला. "घरात माणसं कमी करा म्हणता," मामा गरजले, "पण मग पाणी कोण आणणार?" सभागृह हसून लोटपोट झालं. मामाही हसले. लोक आपल्याला हसताहेत की आपल्यासोबत, असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

तो मला पडायचा. मी तेव्हा फोर्टात एका कचेरीत कारकून होतो. कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली, त्यांचे कप अजून काचेच्या कपाटात. वर्तमानपत्रात विधानसभेवर एक गमतीचं सदर यायचं. त्यात मामांचं नाव आलं की आमच्या टेबलावरचा देसाई डबा उघडण्याआधी ते मोठ्याने वाचायचा. "काय रे, तुझ्या मामांनी काल पोलिसांनापण पाणी पाजलं म्हणे! यार, एकदा आम्हाला पण घेऊन चल ना, फुकटात सर्कस बघू." सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि घरी येऊन बायकोवर, सुधावर चिडायचो. सुधा म्हणायची, "माझे मामा आहेत ते. तुला कसली लाज?" मग मी आणखी चिडायचो.

मग गृहनिर्माण खात्याची चर्चा आली. मामांच्या पक्षाचा मुख्य वक्ता आजारी पडला, आणि पक्षाला दुसरं कुणी मिळेना म्हणून मामांना चांगली दहा मिनिटं मिळाली. ही बातमी मामांनी मला गिरणीत सांगितली. चेहरा लग्न ठरल्यासारखा. आणि मी म्हणालो, "मामा, या वेळी तरी विषयावर बोला. आम्हाला बाहेर तोंड दाखवायला जागा राहत नाही."

मामांनी हात पुसले. गिरणी बंद केली. एरवी दळण अर्धं असताना ते गिरणी बंद करत नसत. मग म्हणाले, "मग तुम्हीच लिहून द्या, जावई. मला कुठं एवढं येतं?"

मी लिहिलं. काय लिहिलं होतं! निवाऱ्याचा मूलभूत अधिकार, नागरीकरणाची दिशा, नियोजनातली विसंगती. अजून काही वाक्यं मला पाठ आहेत आणि आठवली की अंगावर शहारे येतात, पण ते अभिमानाचे नव्हेत. संध्याकाळी गिरणी मिटल्यावर मी मामांना तालीम देत असे. ते आज्ञाधारक मुलासारखे कागद धरून उभे राहत. मी अट घातली, "कागदाबाहेर एक शब्द नको. आणि पाणी तर नकोच."

"एक घोटसुद्धा नको?"

"मामा!"

"नाही, नाही. राहिलं."

मला त्यांनी प्रेक्षक सज्जाचा पास काढून दिला. मामा उभे राहिले आणि बोलले. हळू, स्वच्छ, थांबत थांबत. चहाला गेलेले सदस्य परत येऊन दाराशी थांबले. कुणीतरी बाक वाजवलं. मी वर बसून ओठांनी सोबत बोलत होतो. खाली मामा बोलत होते असं मला वाटलंच नाही. मीच बोलत होतो.

नंतर मंत्री उत्तराला उठले. सगळ्यांना उत्तरं देऊन झाली, तेव्हा ते थांबले, टेबलावरचा एक कागद हातात घेतला आणि हसून शेवटच्या बाकाकडे बघत म्हणाले, "मुलुंडच्या सन्माननीय सदस्यांना नेहमीप्रमाणे काही विचारायचं असेल तर…" सभागृहात हशा सुरू झाला. सगळे वाटच पाहत होते. मामा अर्धवट उठले. तोंड उघडलं. आणि त्यांनी वर सज्जाकडे, माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. नको म्हणून.

मामा खाली बसले. मंत्र्यांनी क्षणभर वाट पाहिली आणि कागद फाईलमध्ये ठेवून दिला.

बाहेर व्हरांड्यात मी मामांचं अभिनंदन करत होतो तेवढ्यात मंत्रीच आले. "काय मामा, आज पाणी नाही? अहो, तुमच्या डोंगरावरच्या टाकीची मंजुरी घेऊन आलो होतो. म्हटलं, तुम्ही विचाराल, मी जाहीर करीन. सभागृहात तोंडातून गेलं की अधिकाऱ्यांना मागे फिरता येत नाही. नुसत्या कागदाला कोण विचारतो? बरं, पुढच्या अधिवेशनात विचारा." आणि ते गेले. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "विसरलोच बघा मी." नंतर गाडीत बसल्यावर म्हणाले, "भाषण झकास लिहिलं होतंत हां."

पुढच्या अधिवेशनाच्या आधी त्या मंत्र्यांचं खातं बदललं. नवे मंत्री "पाहून सांगतो" म्हणाले आणि शेवटपर्यंत पाहत राहिले. मामा खेटे घालून थकले. टाकीची मंजुरी कुठे अडकली कुणाला सापडेना. पण त्या दिवशी काय घडलं ते कुणाकडून तरी वस्तीपर्यंत पोचलं होतं. बायका गिरणीत आल्या. त्यांच्यात पुढे परब वहिनी, वस्तीत ज्यांचा शब्द चालायचा त्या. "मामा, खरं काय? मंत्री विचारत होता आणि तुम्ही गप बसलात?" मी तिथेच होतो, दळणाचा डबा घेऊन. मामा म्हणाले, "विसरलो गं. वय झालं." परब वहिनी म्हणाल्या, "आमचं पाणी विसरलात?" आणि त्यांनी न दळलेला डबा उचलला. वक्तृत्वाचे कप मिळवलेला मी, तेव्हा मला एक वाक्य सुचलं नाही.

मामा पुढची निवडणूक हरले, त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. गिरणीच्या ओट्यावर डब्यांची रांग लागते, त्यात डोंगरावरचे डबे नसत, ते मात्र त्यांना लागलं. वस्तीतल्या बायका स्टेशनजवळच्या दुसऱ्या गिरणीत जाऊ लागल्या, लांब पडत असूनही. मामा रांगेकडे बघायचे आणि नजर काढून घ्यायचे. घरी जेवताना ते आता उभे राहत नसत. मीठ कमी असलं तरी मुकाट्याने खात. एकदा मामींनीच मुद्दाम आमटी अळणी केली आणि वाट पाहिली. मामा जेवून उठले. मामी मला म्हणाल्या, "घंटा आता फक्त देवापुढे वाजते हो." आणि पदर डोळ्यांना लावला.

त्या रविवारी मी गिरणीत जाऊन मामांना म्हणालो, "मामा, तुम्ही विसरला नव्हतात. मी तुम्हाला…" त्यांनी हात वर केला. "मला काय सांगताय? मी होतो ना तिथं. सांगायचंच असेल तर वर जाऊन सांगा."

मी डोंगर चढलो. रिकाम्या हातांनी चढतानासुद्धा मला दोनदा टेकावं लागलं. परब वहिनी दारात तांदूळ निवडत होत्या. आजूबाजूच्या बायका जमल्या. मी सांगितलं, भाषण कुणाचं होतं, मान कुणी हलवली, आणि का. लाज वाटत होती म्हणून, हेही सांगितलं. मग परब वहिनी म्हणाल्या, "मगे तेव्हा कित्याक गप रवलंस?" तेव्हा गिरणीत का गप्प बसलो, हे मात्र मी सांगितलं नव्हतं. त्या आत गेल्या आणि तांदळाचा डबा आणून माझ्या हातात दिला. "खाली जातोस ना? मामांना दे. बारीक दळा म्हणावं, भाकरीचे आहेत."

डबा ओट्यावर ठेवला तर मामांनी झाकण काढून मूठभर तांदूळ हातात घेतले. कुणाचा ते विचारलं नाही.

"किती वेळ बोललात?"

"दोन मिनिटं असेल."

"कुणी घंटी वाजवली?"

"नाही."

"मग बोलायचंत की अजून," मामा म्हणाले. त्यांनी बटण दाबलं, पट्टा फिरू लागला, आणि ते पाठ करून तांदूळ वर ओतू लागले. डोळे पुसत होते की पीठ, ते मला दिसलं नाही. त्यांची माफी तर मी अजून मागितलीच नव्हती. त्या आवाजात माझा कमावलेला, खालच्या पट्टीतला आवाज मलाच ऐकू येईना. म्हणून मी मामांसारखा ओरडलो. ओट्यावरच्या बायका वळून बघू लागल्या, रस्त्यावरचा एक सायकलवाला थांबला, आणि मी आणखी मोठ्याने ओरडलो, "मामा, चूक माझी होती! मला माफ करा!"