किशनमामांचा वरचा सूर

जुन्या रेकॉर्डी शोधणाऱ्याला रेकॉर्ड मिळेलच असं नाही, पण किस्सा हमखास मिळतो. रिकाम्या हातानं म्हणून कुणी परत येत नाही! त्यामुळे आमच्याकडे रेकॉर्डी आहेत एका फळीवर मावतील एवढ्या, आणि किस्से मात्र दुकानात मावेनासे झालेत. सगळे हसण्यावारी सांगितले जातात. सांगून झाल्यावर चहा येईपर्यंत कुणी बोलत नाही, ही गोष्ट वेगळी.

दुकान शिवप्पाअण्णांचं, बसवकल्याणात. मिक्सर, पंखे, कुकर, जे बंद पडेल ते अण्णा उघडतात. रविवारी दुपारी अर्धं शटर ओढून आम्ही चौघं आत बसतो. अण्णा, भंगारवाले रज्जाकभाई, मेडिकल दुकानवाला मी, आणि मंठाळचे किशनमामा.

मामा एके काळचे बँडमास्तर. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी हलगी खाली ठेवली ती कायमची. मुलानं मोठेपणी ट्रम्पेट धरला, लाल कोट घातला आणि स्वतःचा बँड काढला. आता पुढचे दात गेलेत. दात नाहीत म्हणजे ट्रम्पेट नाही. आणि आयुष्यभर मोठ्या ढोलाशेजारी उभं राहून कानही चाललेत.

त्यांचं मागणं एकच होतं. तरुणपणी मुडबीच्या एका जमीनदाराकडे लग्नाची सुपारी होती. बँडचा मुक्काम अंगणात. माडीवर जमीनदाराचा हैदराबादला शिकणारा मुलगा एक रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावायचा. अमेरिकेतला बिग बँड, म्हणजे पंधरा-वीस माणसांचा ताफा, जॅझ वाजवणारा. पण नुसता जॅझ नाही, त्यात सोलचा रंग. सोल म्हणजे तिकडच्या काळ्या लोकांनी प्रार्थनेत शिकलेलं आणि रस्त्यावर म्हटलेलं गाणं. मामांची व्याख्या याहून सोपी आहे.

"आपल्या जलशावाणी हाय ते. दुःखच सांगायलाय, पण पाय थांबत न्हाईत."

अंगणात बसल्या बसल्या बँडनं ती चाल उचलली. त्यात ट्रम्पेटचा एक सूर फार वर जायचा. तो काढायला मामांना वर्ष लागलं. ओठ फुटायचे, रुमाल लाल व्हायचा.

"मी काढला, पर मरत मरत. त्यो गडी कसा निवांत काढायचा! कान जायच्या आत तेवढा एकदा ऐकवा मला."

रेकॉर्डीचं नाव माहीत नाही. कव्हर पिवळं, एवढीच खूण.

*

नाव नाही तर शोधायचं कसं? अण्णांनी हैदराबादच्या एका जुन्या रेकॉर्डवाल्याचा नंबर मिळवला आणि फोन मामांच्या तोंडाशी धरला.

"मामा, चाल म्हणा."

मामांनी डोळे मिटले आणि म्हणायला सुरुवात केली. ट्रम्पेट, क्लॅरनेट, ढोल, सगळं तोंडानंच. दुकानापुढं दोन गिऱ्हाइकं थांबली. कपाळाची शीर फुगेपर्यंत मामा म्हणत राहिले.

रेकॉर्डवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तो माणूस म्हणाला, "चचा, दाँताँ लगाको गाओ ना! खाली हवाच आरी!"

आम्ही पोट धरून हसलो. मामांना त्याचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. तेही आमच्याबरोबर हसले आणि म्हणाले, "वळखली ना त्यानं?"

*

औरादकडे चिंताकीला एका घरात जुन्या रेकॉर्डी आहेत अशी खबर रज्जाकभाईंनी आणली. आम्ही तिघं त्यांच्या टेम्पोतून गेलो. मामांना मुद्दाम नेलं नाही.

रेकॉर्डी होत्या! घरातल्या अक्कांनी त्या गरम पाण्यात बुडवून, कडा वर वळवून त्यांचे वाडगे केले होते. एकात शेंगा, एकात लसूण, एकात देवाची फुलं. शेंगांच्या वाडग्याच्या तळाला लेबल दिसत होतं. बिग बँडच! आपला नव्हे, दुसराच कुणीतरी, पण तोही आता कुठं छापला जात नाही.

अक्का खूश झाल्या. "घेऊन जावा की एक. वाजतंय का बघा."

अण्णा म्हणाले, "शेंगा काढा, अक्का. वाजवून सांगतो."

अक्कांनी खरंच शेंगा काढल्या, फडक्यानं वाडगा पुसला आणि आमच्या हातात दिला. आता नाही कसं म्हणायचं? तो अजून दुकानात आहे. अण्णा त्यात स्क्रू ठेवतात.

*

मामांना मी कलबुर्गीला कानाच्या तपासणीला नेलं. काचेच्या खोलीत बसवतात, कानावर डबे लावतात. बारीक आवाज येतो. आला की बटण दाबायचं.

मामा ताठ बसून बटण दाबत होते. एकही चुकलं नाही! तपासणारी बाई कन्नडमधून मला म्हणाली, या वयात असे कान मी पाहिले नाहीत. यंत्राची गरज नाही, घेऊन जा.

बसमध्ये मी मामांच्या कानात ओरडून विचारलं, "एवढं बारीक ऐकू आलं तुम्हाला?"

"पैले चार आले. मग काय येईना."

"मग बटण कामून दाबायलाव?"

मामा माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी काहीतरी अडाण्यासारखं विचारलं. "ताल धरला की! चार आवाज ऐकल्यावर पाचवा कवा येतो ते ऐकावं लागतंय व्हय?"

पुन्हा चला म्हटलं तर ऐकेनात. "पास झालोय मी," म्हणाले. त्यात सहा महिने गेले, आणि उरलेलं ऐकणंही त्या सहा महिन्यांत गेलं. सून तक्रार करायची, मामा टीव्ही एवढा मोठा लावतात की म्हैस दावं तोडते. तरी मामा म्हणायचे, टीव्ही बिघडलाय, शिवप्पाला दाखवा.

*

शेवटी मुडबीला त्या जमीनदाराच्याच घरी गेलो. मुलगा परदेशी जाऊन तिकडंच वारला होता. घरात एक म्हातारी सून. रेकॉर्डी कधीच विकल्या म्हणाली. आम्ही उठलोच होतो, तेवढ्यात अण्णांनी भिंतीवरचा जमीनदाराचा फोटो पाहिला. वाळवीनं फ्रेमचा एक कोपरा खाल्ला होता आणि मागचा पुठ्ठा डोकावत होता. पिवळा!

"अक्का, जरा फोटो उलटा करू का?"

"अप्पांचं तोंड भिंतीकडं? पाप लागंल!"

मग तडजोड झाली. रज्जाकभाईंनी फोटो दोन्ही हातांनी छातीसमोर धरायचा, अप्पांचं तोंड स्वतःकडे करून. म्हणजे अप्पा भिंतीकडे नाहीत, माणसाकडे बघतायत! आणि अण्णांनी मागून वाचायचं. इंग्रजी अक्षरं, पायऱ्यांवर उभा असलेला बँड, रेकॉर्डीचं नाव, नंबर. रेकॉर्डीचं कव्हरच फोटोमागं पुठ्ठा म्हणून लावलेलं होतं, सगळं सापडलं.

परतताना रज्जाकभाई म्हणाले, "अप्पा ऐसा घूरको देखरे थे मेरेकू, जैसा मैंच लेको गया उनका रेकॉर्ड!"

"तूच नेली असशील!" अण्णा म्हणाले.

रज्जाकभाई हसले नाहीत. टेम्पो चालवता चालवता म्हणाले, "उस घर का सामान अब्बा उठाए थे. मैं साथ में था. काले तवे, येइच रेकॉर्डाँ, तौलको दिए सो याद है."

*

नावावरून अण्णांच्या बंगळूरच्या पुतण्यानं शोध घेतला. कंपनी बुडालेली, रेकॉर्ड पुन्हा कधी निघालीच नाही, इंटरनेटवर एक ओळसुद्धा वाजत नाही. मधल्या काळात आम्ही मामांना काही सांगायचं टाळत होतो. ते मात्र दर रविवारी यायचे, बोलणं ऐकू येत नसलं तरी चौघांत बसायचे, आणि आमचे ओठ थांबले की विचारायचे, "घावली का?"

घावली! पुण्यातल्या एका संग्राहकाकडून, पुठ्ठ्यात गुंडाळून, पिवळ्या कव्हरसकट आली.

त्या रविवारी अण्णांनी रेकॉर्ड पुसून दुकानातल्या मशीनवर चढवली. मामांना जवळ बसवलं आणि त्यांचा तळहात स्पीकरच्या लाकडावर ठेवला. सुई टेकली. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, खाली संथ ऑर्गन. इतकं संथ की रज्जाकभाई कुजबुजले, "ये वो नै. ये तो मय्यत का लगरा."

अण्णांना वाटलं पट्टा ढिला झाला. दुसरी रेकॉर्ड लावून पाहिली, मशीन ठीक होतं. पुन्हा पिवळ्या कव्हरची लावली. लेबलवर वेग छापलेला होता, मिनिटाला तेहतीस फेरे. मशीनही तेहतिसावरच होतं. अण्णा थोडा वेळ बघत राहिले आणि त्यांनी बटण पंचेचाळीसवर सरकवलं.

दुकानात मंठाळचा बँड उभा राहिला! लहानपणी ऐकलेली तीच वरात, तीच धावती चाल, आणि तो वरचा सूर.

म्हणजे मुडबीच्या माडीवर मशीन चुकीच्या वेगावर होतं. मोठी रेकॉर्ड छोट्या रेकॉर्डीच्या वेगानं पळत होती, म्हणून चाल धावायची, म्हणून सूर वर चढायचा. त्या अमेरिकेतल्या माणसानं तो सूर खालीच वाजवला होता, हळू, एखाद्याची समजूत काढावी तसा. तेवढ्या उंच तो गेलाच नव्हता.

अण्णांनी बटण पुन्हा तेहतिसावर आणलं आणि गाणं संपू दिलं.

मामांचा हात अजून लाकडावर होता. ते आमची तोंडं बघत होते. "काय झालं? गप कामून बसलाव?"

रज्जाकभाईंनी पिवळं कव्हर उचलून पुसायला घेतलं.

"तेवढं सांग शिवप्पा. वरचा सूर. लागला का त्याला?"

अण्णा उठून त्यांच्यासमोर आले आणि दिसेल अशी मान हलवली. न्हाई.

मामांनी रेकॉर्डीकडे पाहिलं. मग जिभेनं हिरड्या चाचपल्या.

"मला लागायचा," म्हणाले.